यंत्रमानवाबद्दल माया का वाटते?

घरातला मिक्सर बिघडला तर आपण तो दुरुस्तीला टाकतो. त्याचे पाते काढले म्हणून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण दूरचित्रवाणी मालिकेतील एखाद्या यंत्रमानवाचा हात काढला, की आपण हळहळतो. दोन्ही यंत्रेच, मग असे का व्हावे? फरक यंत्रात आहे, की पाहणाऱ्याच्या मनात?

माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवाला विज्ञानकथांत ‘अँड्रॉइड’ म्हणतात. मोबाइल फोनमुळे आज हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. मुळात तो ग्रीक असून ‘माणसासारखा’ असा त्याचा अर्थ. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतील (१९८७ ते १९९४) ‘डेटा’ हे अशा पात्रांपैकी अतिशय लोकप्रिय झालेले पात्र. ब्रेंट स्पायनर या नटाने ते रंगवले. फिकट सोनेरी कातडी, पिवळे डोळे, अफाट स्मरणशक्ती. भावना मात्र नाहीत. निदान डेटा स्वतः तसे सांगतो. अनेक प्रेक्षकांनी मात्र त्याचे हे म्हणणे मनावर घेतले नाही!

१९८९ मधील एका भागात एका शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून तपासायचे असतात. डेटा नकार देतो आणि नोकरीचा राजीनामा देतो. आता प्रश्न उभा राहतो : यंत्र राजीनामा देऊ शकते काय? की ते खात्याची मालमत्ता? सुनावणी सुरू होते. डेटाच्या मित्रावरच त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याची पाळी येते. तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि शेवटी खटका दाबून त्याला बंद करतो. डेटा जागीच कोसळतो. दुसऱ्या बाजूने पुरावा येतो तो डेटाच्या सामानातून : त्यात त्याने एका मृत सहकारिणीची छोटी प्रतिमा जपून ठेवलेली असते. डेटा ही मालमत्ता नाही, असा निकाल लागतो. त्याला आत्मा आहे की नाही, हे मात्र न्यायाधीश ठरवीत नाहीत.

एकच चेहरा, दोन पात्रे

प्रयोगशाळेत आपण इतर सर्व राशी स्थिर ठेवतो आणि एकच बदलतो. या मालिकेत तसाच प्रयोग आपोआप घडून आला आहे. डेटाला ‘लोर’ नावाचा भाऊ आहे. तोही यंत्रमानवच, नट तोच, चेहरा तोच. लोरला तर भावनाही आहेत! तरीही प्रेक्षकाचा जीव भावनाहीन डेटावर जडतो आणि लोरची त्याला धास्ती वाटते. कारण लोर खोटे बोलतो, दगा देतो. डेटा मांजर पाळतो, मित्रांची काळजी घेतो. म्हणजे आपली माया ‘आत काय आहे’ यावर अवलंबून नसून ‘बाहेर काय दिसते’ यावर ठरते.

त्रिकोणाला राग येतो!

याला चेहरासुद्धा लागत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या छोट्याशा चित्रफितीत एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरतात. बाकी काही नाही. ३४ जणांना ती दाखवून ‘काय घडले ते लिहा’ असे सांगितले. फक्त एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन केले. इतरांनी भांडण, पाठलाग, भीती यांच्या गोष्टी लिहिल्या. हालचाल दिसली की तिच्यामागे हेतू शोधायचा, ही आपल्या मनाची जुनी सवय आहे.

या सवयीला मर्यादाही आहे. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक आलेख सुचवला. आडव्या अक्षावर यंत्राचे माणसाशी साम्य, उभ्या अक्षावर आपल्याला वाटणारी आपुलकी. साम्य वाढते तशी आपुलकी वाढते. पण साम्य जवळजवळ पूर्ण झाले आणि थोडीच उणीव राहिली, की आलेख एकदम खाली दरीत कोसळतो व आपल्याला शिसारी येते. डेटाची सोनेरी कातडी त्याला या दरीच्या अलीकडे, सुरक्षित काठावर ठेवते, असे म्हणता येईल.

नाटक उलटते तेव्हा

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पडद्यावरचा डेटा मुळात माणूसच होता! ‘स्मॉल वंडर’ मालिकेतील विकी किंवा तिच्यावर बेतलेली, २००३ मध्ये सुरू झालेली ‘करिश्मा का करिश्मा’ तुमच्या घरातील मोठ्यांना आठवत असेल. त्या मुलीही खऱ्याच होत्या. त्या यंत्राचा अभिनय करीत होत्या. त्यामुळे आपली माया अगदीच चुकीच्या पत्त्यावर जात नव्हती.

आज हे नाटक उलटले आहे. आता यंत्र माणसासारखे बोलते. १९६६ च्या सुमारास जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा साधा संगणक-कार्यक्रम तयार केला. समोरच्याची वाक्ये उलटी फिरवून प्रश्न विचारायचे, एवढेच त्याचे काम. तरीही त्यांच्याच चिटणीस बाईंनी एलायझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! आजचे कार्यक्रम तर मराठीतही सफाईने बोलतात. परीक्षेत नापास झालेला मुलगा आईला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगतो आणि ‘तुझे दुःख मला समजते’ असे उत्तर मिळवतो. त्याला वाटलेला दिलासा खरा असतो. पण समोर कोणाला काही ‘समजले’ याचा तो पुरावा नव्हे.

हिवाळ्यातील सकाळी लोखंडी गजाला आणि लाकडी दाराला हात लावून पाहा. दोघांचे तापमान एकच असूनही गज अधिक थंड लागतो. हात खोटे बोलत नाही. पण तो तापमान मोजत नसून हातातून बाहेर जाणारी उष्णता मोजतो. आपल्या मायेचेही तसेच आहे. ती यंत्राच्या अंतरंगाचा तापमापक नव्हे. म्हणून माया वाटली यावरून यंत्राला मन आहे असे ठरत नाही, आणि वाटली नाही यावरून मन नाही असेही ठरत नाही. त्यासाठी दुसरी साधने शोधावी लागतील, आणि ते काम अजून व्हायचे आहे.

करून पाहा

पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ कापा. टेबलावर ते अर्धा मिनिट सरकवा आणि वर्गमित्रांना वर्णन लिहायला सांगा. मग कागदावर दोन रकाने आखा : ‘दिसले ते’ आणि ‘वाटले ते’. प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात घाला. दुसरा रकाना किती लवकर भरतो ते पाहून तुम्ही चकित व्हाल. यापुढे एखादे यंत्र तुमच्याशी गोड बोलू लागले, की हे दोन रकाने मनात जरूर आखा.