हर्णेची हवा, हर्णेचे हवामान

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत हवा आणि हवामान या दोन शब्दांत जो भेद शिकवला जातो, तो दापोली तालुक्यातील हर्णे बंदरावर रोजच्या व्यवहारात दिसतो. ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. आणि साधारणतः तीस वर्षांच्या नोंदींवरून निघणारी तिची सरासरी, त्या सरासरीभोवतीच्या चढउतारांसह, म्हणजे हवामान. आज होडी दर्यात लोटावी की नाही, हा हवेचा प्रश्न असतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम मात्र माशांच्या प्रजननकाळाबरोबरच हवामानावर, म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या परिपाठावर बेतलेला आहे.

1875 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या कोकणातील किनारी केंद्रांत हर्णेचा समावेश होतो. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, कारण मोजायचे असते ते सावलीतील हवेचे तापमान, उन्हाचा चटका नव्हे. कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या तापमापकांतील फरकावरून हवेतील बाष्प कळते. एकट्या हर्णेचा आकडा फारसे बोलत नाही. अलिबाग, रत्नागिरी अशा ठिकाणांचे वायुदाब नकाशावर मांडले, की पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर पसरणारा कमी दाबाचा पट्टा दिसू लागतो, आणि कोकणातील मुसळधार पावसामागे पुष्कळदा तोच असतो.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून खारे वारे, रात्री ती लवकर निवते म्हणून मतलई वारे, हे शास्त्राने सांगण्याआधीपासून शिडाच्या होड्या त्या वाऱ्यांवरच ये-जा करीत. या अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शेकडो मैल दूर जन्मलेले वादळ किनाऱ्यावरून दिसत नाही, आणि तेथे उपग्रह, रडार व बंदरावर लागणारा धोक्याचा बावटा यांचाच आधार असतो.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ हर्णेच्या उत्तरेस, श्रीवर्धनच्या परिसरात, ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमिनीवर आले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या स्वतःच्या गतीची भर पडते. हर्णे आणि दापोलीचा किनारा नेमका त्याच अंगाला होता. घरांची छपरे उडाली, आणि नारळ, पोफळी व आंब्याची, माणसाच्या एका पिढीच्या मेहनतीने वाढलेली झाडे काही तासांत आडवी झाली.

एका वादळावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मात्र अनेक दशकांच्या नोंदी तपासून अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आणि त्यांचा टिकाव वाढल्याचे दाखवले आहे, आणि त्याचा संबंध तापत चाललेल्या समुद्राशी आहे. असा निष्कर्ष निघतो तो खंड न पडलेल्या नोंदींतून. पर्जन्यमापकाशेजारी झाड वाढले, केंद्राची जागा हलली किंवा काही महिन्यांचे आकडे गळाले, तर बदल हवामानात झाला की मापनात, हे सांगणे कठीण होते. म्हणून किनाऱ्यावरील प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत वाचनाबरोबर उपकरणाची जागा आणि तिच्यातील प्रत्येक फेरबदलही लिहिलेला असावा लागतो.