हौदातले पाणी केव्हा सोडावे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अंगणातल्या हौदाला महत्त्व येते. एरवी धुण्याभांड्यासाठी असलेला हौद मुलांचा पोहण्याचा तलाव होतो. मुले दुपारभर डुंबतात, उन्हात भटकत नाहीत, म्हणून घरची मंडळीही खूश असतात. अडचण येते ती पाणी सोडण्याची. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे भरलेला हौद मोकळा करायला कोणाचा हात धजेल? ‘डॉक्टर, पाणी तर अजून स्वच्छ दिसतंय,’ असे दवाखान्यात अनेकजण म्हणतात.

पण डोळ्यांना स्वच्छ दिसणे ही पाण्याची खरी परीक्षा नव्हे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला साठवलेले स्वच्छ पाणीच आवडते. उन्हाळ्यात त्याच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. शिवाय अनेक मुले एकाच पाण्यात डुंबली, की जुलाब, डोळे येणे, कान फुटणे, खरूज-नायटे असे आजार एकमेकांना होऊ शकतात.

मोठ्या जलतरण तलावाचे पाणी सतत गाळले जाते आणि त्यात क्लोरीनचे प्रमाण राखले जाते, म्हणून ते बरेच दिवस चालते. आपल्या हौदाला ही सोय नाही. मूठभर ब्लीचिंग पावडर टाकूनही भागत नाही, कारण कडक उन्हात क्लोरीन काही तासांतच नाहीसा होतो.

म्हणून हिशेब असा ठेवावा. मुले ज्या पाण्यात डुंबली, ते पाणी त्याच संध्याकाळी सोडावे. नुसते वापरायला साठवलेले पाणी असेल, तर आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी हौद रिकामा करावा. नळाला पाणी येण्याची आदली संध्याकाळ त्याला सोयीची. मात्र दोन वेळांत सात दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या हौदात मुलांना कधीच उतरवू नये.

रोज एवढे पाणी आणायचे कोठून? त्यासाठी हौद काठोकाठ भरू नका. पाच फूट लांब, चार फूट रुंद हौदात तीन फूट पाणी भरले तर सुमारे १७०० लिटर लागते. एक फूट भरले तर साडेपाचशे पुरते. लहान मुलांना तेवढे पुष्कळ झाले. ते पाणीही वाया घालवायचे नाही. संध्याकाळी नारळाला, कढीपत्त्याला घालावे, संडासासाठी बादल्या भरून झाकून ठेवाव्यात. तेवढेही पाणी नसेल, तर मुलांना हौदाबाहेर बसवून अंगावर तांब्याने पाणी घालावे.

काही वेळा मात्र वाराची वाट पाहू नये. पाणी हिरवट झाले, बुळबुळीत लागले, तळ दिसेनासा झाला, उंदीर किंवा पक्षी मरून पडला, किंवा एखाद्या मुलाला पाण्यातच जुलाब झाले, तर पाणी ताबडतोब सोडावे. तळ न दिसणे विशेष धोक्याचे. बुडालेले मूल वरून दिसत नाही.

नुसते पाणी सोडणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासून काढाव्यात. अळ्या झालेले पाणी तुंबलेल्या गटारात न ओतता कोरड्या मातीवर टाकावे. पुन्हा भरलेला हौद घट्ट झाकावा किंवा त्यावर कापड ताणून बांधावे.

कोमट गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली असे रुग्ण आढळले. आजार अत्यंत विरळ, पण बहुधा प्राणघातक असतो. म्हणून शिळ्या, तापलेल्या पाण्यात मुलांना बुडी मारू देऊ नये. डुंबल्यानंतर काही दिवसांत जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि मान ताठ होणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे व मूल पाण्यात खेळले होते हे आवर्जून सांगावे.

आणि पाणी फूटभर असले, तरी मुले त्यात असेपर्यंत मोठ्या माणसाने काठावरून हलू नये.