ज्येष्ठांचे निवास : फाटकावरचा पहारा आणि आतली सुरक्षितता

नेरळ स्थानकावर उतरून कळंबच्या रस्त्याला लागले, की उल्हास नदी ओलांडल्यावर पोशीर गाव येते. भाताची खाचरे, गावाला नाव देणारी नदी आणि क्षितिजावर सह्याद्रीच्या रांगा. मुंबईच्या गर्दीत आयुष्य घालवलेल्या माणसाला उतारवयात अशा ठिकाणी राहावेसे वाटले, तर नवल नाही. नेरळजवळच ममदापूर येथे डिग्निटी या संस्थेने ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली असून तेथे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषेचीही सोय करण्यात आली. कर्जत व खालापूर तालुक्यांत वृद्धाश्रमही आहेत. आईवडिलांसाठी अशी जागा शोधणारी मुले पहिला प्रश्न विचारतात तो सुरक्षेचा, आणि त्यांना उत्तर मिळते ते उंच कुंपणाचे, कॅमेऱ्यांचे व फाटकावरील पहारेकऱ्याचे.

हे सारे असावेच. परंतु वृद्धांना सर्वाधिक भय चोराचे नसते, ते असते न्हाणीघराच्या ओल्या फरशीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. रात्री लघवीसाठी एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आधाराला दांडी नसते आणि खुब्याचे हाड मोडते. दार आत उघडणारे असेल आणि पडलेली व्यक्ती दाराशीच आडवी झाली असेल, तर मदतीला आलेल्यांनाही आत शिरता येत नाही.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता जे किमान निकष ठरवून दिले, ते याच अनुभवातून आलेले आहेत. दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिना किमान १५०० मिलिमीटर रुंद व दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात बारांपेक्षा अधिक पायऱ्या नकोत, न्हाणीघरात न घसरणारी फरशी व धरण्यासाठी दांड्या, लिफ्टमध्ये ऐकू येणारी व दिसणारी सूचना. घर घेणाऱ्यांनी हे सारे विक्री करारात लिहिलेले आहे का, हे पाहावे. माहितीपुस्तिकेतील चित्रावर समाधान मानू नये. हे निकष विक्रीसाठी नोंदवलेल्या प्रकल्पांचे आहेत. भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या वृद्धाश्रमाला कोणी टेप लावून मोजायला येत नाही. तेथे मोजमाप नातेवाइकांनीच घ्यावयाचे असते.

आमच्या मते विचारण्याजोगा खरा प्रश्न असा : रात्री दोन वाजता आई पडली, तर तिच्याजवळ पहिला माणूस किती मिनिटांत पोहोचेल, आणि तो कोण असेल? रात्रपाळीला किती सेविका आहेत, त्यांच्यापैकी कोणाला रुग्ण उचलण्याचे शिक्षण मिळाले आहे, पलंगाशेजारची घंटा वीज गेल्यावर वाजते का? भेट दिवसा ठरते, म्हणून हे प्रश्न राहून जातात. शक्य असल्यास मुलांनी एक रात्र तेथे राहून पाहावे.

या परिसरात आणखी एक प्रश्न आहे, तो पावसाचा. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली, की नेरळ-कळंब रस्त्यावर दहिवलीच्या पुलावरून पाणी जाऊन वाहतूक थांबल्याचे प्रसंग घडले आहेत. म्हणजे पोशीरच्या बाजूचा रुग्ण अलीकडे आणि रेल्वे पलीकडे. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. डोंगराचे दर्शन घडवणारी खोली घेताना तो डोंगर किती अंतरावर आहे, उतार कोणत्या बाजूला आहे, हे विचारणे म्हणूनच वावगे नाही.

अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळ आले, तेव्हा न्यू ऑर्लीन्सजवळच्या सेंट रीटाज या शुश्रूषागृहातील ३५ वृद्ध बुडून मरण पावले. त्यांना आधी हलवायचे नाही, असा निर्णय चालकांनी घेतला होता. त्यांच्यावर खटला चालला व २००७ मध्ये ते निर्दोष सुटले. अंथरुणाला खिळलेल्यांना हलवणे हेही जिवावरचे काम असते, हे आम्हांला मान्य आहे. म्हणूनच हलवायचे केव्हा, कोणत्या वाहनाने आणि कोठे, हे मे महिन्यातच कागदावर ठरलेले असावे; पाणी पायरीला लागल्यावर ठरवण्याची ही गोष्ट नव्हे. जनरेटरला किती तासांचे डिझेल आहे, ऑक्सिजनवर असलेल्यांची सोय काय, मधुमेहींची इन्सुलिन वीज गेल्यावर कोठे ठेवतात, हेही त्याच कागदावर यावे.

साथीच्या बाबतीत जवळचे उदाहरण पुरेसे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील खडवलीच्या वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. एका छपराखाली राहणाऱ्यांत आजार दारे मोजत बसत नाही. स्वतंत्र खोली राखून ठेवलेली आहे का, एवढे तरी पाहावे.

सुरक्षेच्या नावाखाली कुलूप लावण्याची सवय आम्हांला विशेष खटकते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती वाट चुकू नये म्हणून फाटक बंद ठेवणे समजू शकते. परंतु शुद्धीवर असलेल्या आजोबांना पोशीरच्या रस्त्यावर फेरफटका मारण्यासाठी चिठ्ठी मागावी लागत असेल, तर तो कारावास झाला. आतून बंद असलेल्या घरात मारहाण व हेळसांड लपते. बाहेरची माणसे वरचेवर येत राहिली, की ती लपणे कठीण होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून सुरू केला. त्या दिवशी धर्मग्रामातील मंडळींनी जावेच, पण पुढच्या महिन्यात न कळवताही जावे आणि सेविका जवळ नसताना दोन शब्द बोलावेत.

राहिला पैशाचा विषय. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी घ्यावे. मुलांच्या नावे घर करून मग आश्रमात जाणाऱ्यांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताकडे झुकून लावावा असे सांगितले. तेव्हा बक्षीसपत्रातच अट स्पष्ट लिहावी. कर्जत व खालापूरच्या रहिवाशांनी यासाठी कर्जतच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो.

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ चालते. त्यानंतर ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८. हे आकडे मोठ्या अक्षरांत पलंगाजवळ लावावेत आणि खाली जवळच्या देवळाचे, शाळेचे किंवा नाक्याचे नाव लिहावे, कारण रुग्णवाहिकेचा चालक गावात विचारत येणार आणि वसाहतीचे इंग्रजी नाव गावात बहुधा कोणाला ठाऊक नसते.