‘गॅस’चा जन्मदाखला

रोजच्या वापरातल्या फार थोड्या इंग्रजी शब्दांचा जनक नावानिशी सांगता येतो. ‘गॅस’चा सांगता येतो. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या ब्रुसेल्सच्या वैद्याने तो स्वतः घडवला आणि तो कशावरून घेतला हेही लिहून ठेवलं. 1644 मध्ये हेल्मोंट वारला. चार वर्षांनी त्याच्या मुलाने वडिलांचं लेखन छापलं आणि हा शब्द जगापुढे आला.

तोवर हवा म्हणजे हवा, एकच. खाणीत जीव गुदमरवणारी असो की दलदलीवरची दुर्गंधी, ती बिघडलेली हवाच मानली जायची. हेल्मोंटने मात्र तराजू हाती घेतला. 62 पौंड ओकचा कोळसा जाळला तर राख उरते 1 पौंड, असा त्याचा हिशेब होता. मग बाकीचे 61 पौंड गेले कुठे? कोळसा बंद भांड्यात तापवावा, तर भांडंच फुटायचं. आत जे तयार होत होतं ते साधी हवाही नव्हतं आणि पाण्याची वाफही नव्हतं. भांड्यात न मावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या या पदार्थाला त्याने ‘गॅस’ म्हटलं आणि वर ‘जंगली’ हे विशेषण लावलं. द्राक्षरस आंबताना वर येणारे बुडबुडे, चुनखडीवर आम्ल ओतल्यावर उठणारा फेस, काही गुहांच्या तळाशी साचलेली घातक हवा, या सगळ्यांत त्याला हाच गॅस दिसला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. न दिसणारी एकच गोष्ट इतक्या निरनिराळ्या जागी ओळखायची, यासाठी केवढी नजर लागते!

याच माणसाने विलोचं 5 पौंडांचं रोप कुंडीत लावून 5 वर्षं फक्त पाण्यावर वाढवलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती जेमतेम काही औंस घटली. झाड पाण्यातूनच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. पण झाडाने या काळात हवेतून जो वायू घेतला, तो त्यानेच कोळशातून ओळखलेला जंगली गॅस होता. दोन्ही प्रयोग एकाच माणसाचे, तरी त्यांची गाठ त्याला घालता आली नाही. विज्ञानाच्या इतिहासातली ही हुकलेली भेट मला फार चटका लावते.

शब्द त्याने घेतला ग्रीक ‘खाओस’वरून. सृष्टीला आकार येण्यापूर्वीची निराकार अवस्था म्हणजे खाओस. इंग्रजीतला ‘केऑस’ही तिथलाच. डच बोलीत ‘ग’ घशातून, जवळजवळ ‘ख’सारखा उच्चारतात, त्यामुळे हेल्मोंटच्या तोंडी दोन्ही शब्द शेजारशेजारचेच होते. गॅसच्या जोडीला त्याने ‘ब्लास’ असाही एक शब्द घडवला होता. ग्रहताऱ्यांतून येणाऱ्या प्रेरणेसाठीचा तो शब्द लवकरच विस्मरणात गेला, कारण तशी प्रेरणा कुणाच्या तराजूत सापडलीच नाही.

‘गॅस’ही शंभरएक वर्षं अडगळीत पडला. जोसेफ ब्लॅकने 1750च्या दशकात हाच वायू पुन्हा अभ्यासला, पण त्याला ‘स्थिर हवा’ म्हटलं. हायड्रोजन हेन्री कॅव्हेंडिशसाठी ‘ज्वलनशील हवा’ होता आणि जोसेफ प्रीस्टलीच्या 1774च्या ग्रंथाच्या नावातही ‘हवा’च आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, विशेषतः लाव्वाझिएने, जुना शब्द उचलला तेव्हा कुठे तो रुळला.

गॅस भांड्यात मावत नाही, हे हेल्मोंटचं म्हणणं 1823 मध्ये मायकेल फॅरडेने खोडलं. बंद काचनळीत दाब वाढवून त्याने क्लोरीनचा द्रव केला, कार्बन डायऑक्साइडचाही केला. आपल्या स्वयंपाकघरातलं 14.2 किलोचं सिलिंडर याच तत्त्वावर चालतं. हलवलं की आत डचमळतो तो द्रव. झडप उघडली की दाब उतरतो आणि त्याचा वायू होऊन शेगडीत येतो.

मुंबईच्या रस्त्यांवर 1865 मध्ये दिवे लागले ते कोळशापासून काढलेल्या गॅसचे. मराठीने ‘गॅसबत्ती’ हे नाव पुढे रॉकेलच्या पेट्रोमॅक्सलाही दिलं, आणि ते चुकलेलं नाही. पंप मारला की रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, त्याची वाफ होते आणि ती जळून जाळी पांढरीशुभ्र उजळते. अमेरिकेतला मराठी माणूस ‘गॅस भरून येतो’ म्हणतो तेव्हा मात्र टाकीत पेट्रोल जातं. तिथे ‘गॅसोलीन’चा हा आखूड उच्चार आहे.

इंग्रजीत या नामाचं क्रियापदही आहे आणि त्याचा एक अर्थ विषारी वायूने माणसं मारणं. 22 एप्रिल 1915 रोजी जर्मन सैन्याने ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला. ईप्र बेल्जियममध्ये, म्हणजे हेल्मोंटच्याच देशात.

भोपाळमध्ये ‘गॅस’ म्हणजे 2 डिसेंबर 1984ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातलं मिथाइल आयसोसायनेट जमिनीखालच्या टाकीत द्रवरूपात होतं. ते 39 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. टाकीत पाणी शिरलं, रासायनिक क्रियेची उष्णता वाढत गेली, दाब वाढला आणि टाकीतला वायू बाहेर पडला. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरत झोपलेल्या वस्त्यांत शिरला. हजारो माणसं मेली. जी वाचली त्यांना सरकारी कागदांवरही ‘गॅसपीडित’ म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांचे डोळे आणि फुप्फुसं कायमची अधू झाली.