मापट्याचे दाणे, किलोचा हिशेब



भुईमूग निघाला की घरोघरी लाडू, चिक्की, चटणी सुरू होते. बचत गटाच्या भगिनी तर चिक्की करून बाजारातही नेतात. पण कृती सांगते किलोत आणि घरात असतं मापटं. अंदाजानं घातलं की कधी गूळ जास्त होऊन चिक्की चिवट, तर कधी दाणे जास्त होऊन वड्यांचा भुगा. माल जातो, मेहनतही जाते.

२ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली, हे आपल्याला पाठ आहे. पण ही मापं आकाराची, वजनाची नव्हेत. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नाही. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. आपलं माप आपणच एकदा तोलून ठेवा.

तोलायचं कसं?

१. रिकामं भांडं तोला. मग काठोकाठ पाणी भरून तोला. भांड्याचं वजन वजा करा. राहिलं ते पाण्याचं वजन. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, तेव्हा भांडं किती लिटरचं तेही कळलं.

२. भांडं कोरडं करून त्यात निवडलेले कच्चे दाणे भरा. शीग ठेवू नका, हातानं सपाट करा. भांडं आपटू नका. आपटलं की दाणे बसतात आणि वजन वाढतं. असं तीनदा तोलून सरासरी काढा.

समजा, भांड्यात ८०० ग्रॅम पाणी बसलं आणि दाणे भरले ४९०, ५०० आणि ५१० ग्रॅम. सरासरी ५०० ग्रॅम. म्हणजे २ किलो दाण्यांना ४ मापं. वाळलेल्या दाण्यांचं वजन पाण्याच्या मानानं साधारण रुपयाला दहा आणे पडतं. दाणे बारीक की टपोरे, किती वाळलेले, यावर थोडा फरक पडतो.

शेंगांचं गणित वेगळं

शेंगेत टरफल आहे, पोकळी आहे. त्याच भांड्यात शेंगा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासच मावतात. शिवाय १ किलो वाळल्या शेंगा फोडल्या तर दाणे निघतात साधारण ७०० ग्रॅम. म्हणजे २ किलो दाण्यांसाठी पावणेतीन किलोंहून थोड्या जास्त, मापानं १३ मापं शेंगा फोडाव्या लागतील. थोडक्यात, एका माप दाण्यांना सव्वातीन मापं शेंगा. कोणी शेंगांचं माप देऊन दाण्यांचं माप मागत असेल, तर हा हिशेब आठवा.

कूट मापून घेऊ नका

कूट सैल भरलं तर एक वजन, दाबून भरलं तर दुसरंच. चिरलेल्या गुळाचंही तसंच. म्हणून दाणे भाजण्याआधी मापा आणि गूळ तोलूनच घ्या. भाजून, साल पाखडून किलोमागे १०० ग्रॅमपर्यंत घट येते. चिक्कीला दाणे आणि गूळ सारख्या वजनानं घेत असाल, तर भाजून सोललेल्या दाण्यांचं वजन धरा. १ किलो कच्च्या दाण्यांना १ किलो गूळ घातलात, तर गूळ जास्त होणार.

लक्षात ठेवा :

• मापण्याआधी बुरशी आलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे काढून टाका. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही. असे दाणे जनावरांनाही घालू नका.

• नवा माल आला की माप पुन्हा तोला. ओल असली की वजन बदलतं.

• विक्रीच्या पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. तिथं मापट्याचा अंदाज चालत नाही. प्रत्येक पाकीट काट्यावर तोला.

आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. एकदा अर्धा तास मोडेल, पण पुढं प्रत्येक वेळी काटा शोधत शेजारी जावं लागणार नाही.