जंगलाचं तिकीट की परवाना?

उज्जैनहून शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान बघून आलेली मंडळी हमखास विचारतात, "जंगल सरकारचं म्हणजे आपलंच ना? मग आत जायला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे.

उद्यानाला ज्यांचं नाव आहे त्या माधवराव शिंद्यांच्या काळात (१८८६ ते १९२५) हे दरबारचं राखीव शिकारीचं रान होतं. तिकीट नव्हतं, कारण जायचं ते महाराजांचे पाहुणे म्हणूनच. उंचावरचा जॉर्ज कॅसल पंचम जॉर्ज यांच्या १९११च्या हिंदुस्थान भेटीच्या निमित्ताने बांधलेला. तिकडे इंग्रजी मुलखात १८७८च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्राम असे जंगलांचे तीन वर्ग पाडले. राखीव जंगलात मनाई हा नियम आणि मोकळीक हा अपवाद. १९२७च्या कायद्यानेही तेच चालू ठेवलं.

आजचं शुल्क येतं ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून. कलम २७ प्रवेशावर बंधन घालतं. कलम २८ प्रमाणे अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्याशी कायदेशीर कामकाज, एवढ्या कारणांसाठी शुल्क घेऊन परवाना मिळतो. कलम ३५ ने हेच राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं. मी इंजिनियर, म्हणून टोलशी तुलना करतो : टोल भरला की रस्ता वापरायचा हक्क मिळतो. इथे पैसे भरून मिळते ती फक्त अटींवरची परवानगी. गाडीतून उतरू नका, ठरल्या वाटेनेच जा, या त्या अटी.

मग पैसा जातो कुठे? मार्च २०२५मध्ये माधव उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. २००६च्या दुरुस्तीनुसार अशा प्रकल्पासाठी राज्याने प्रतिष्ठान स्थापायचं असतं. वाघाचं रक्षण आणि लोकांना सोबत घेऊन परिसराचा विकास, हे त्याचं काम. म्हणून गेटवरच्या पैशातलं भोवतालच्या गावांना काय मिळालं, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आणखी एक. मध, तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या गावकऱ्याला आपण "फुकट पास वाला" म्हणतो, ते चूक. २००६च्या वनहक्क कायद्याने मान्य झालेला त्याचा हक्क ही सवलत नाही. आपला पास संध्याकाळी संपतो, त्याचा हक्क तसा संपत नाही. जंगलाचा हिशोब मांडताना हा फरक आधी लिहावा.