ज्वरोत्तर संधिशूल : शीतोपचार केव्हा, उष्णोपचार केव्हा?

चिकुनगुनियाचा ज्वर बहुधा आठवड्याच्या आत उतरतो. परंतु सांध्यांची वेदना काही रुग्णांना कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे सोडत नाही. महाराष्ट्राला हा व्याधी नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली होती. दीर्घ खंडानंतर २००६ मध्ये त्याने मराठवाड्यासह राज्याचा मोठा भाग व्यापला आणि २०२४ मध्ये नागपूर, पुणे येथे पुन्हा डोके वर काढले. आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. पिंगळी परिसरात कापूस वेचणे, खुरपणे ही कामे बोटे, मनगटे व घोटे यांच्या बळावरच चालतात. तेथे असे वाकणे म्हणजे हंगामाची मजुरी बुडणे होय.

अशा रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, शेकावं का बर्फ लावावा?"

२००६ साली आमचा व्यवसाय नुकताच सुरू झाला होता. ज्वर, संधिशोथ, अग्निमांद्य ही लक्षणे पाहून आम्ही सरसकट आमवाताची संप्राप्ती गृहीत धरली व वालुकास्वेद दिला. ज्यांचे सांधे जखडलेले होते त्यांना आराम पडला. परंतु ज्यांचे घोटे लाल व स्पर्शाला उष्ण होते, त्यांचा दाह व सूज वाढली. व्याधीचे नाव पाहून उपक्रम ठरविला, सांध्याची अवस्था पाहिली नाही, ही आमची चूक होती.

शास्त्राने हा विवेक पूर्वीच सांगितला आहे. चरकाचार्यांनी वातरक्ताच्या चिकित्सेत वात-कफप्रधान अवस्थेत लेपादी उपचार कोमट असावेत असे म्हटले आहे; तेथे शीत उपचार केल्यास स्तंभनामुळे शोथ व वेदना वाढतात. उलट रक्त-पित्तप्रधान अवस्थेत उष्ण उपचारांनी दाह व क्लेद वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने २००८ मध्ये चिकुनगुनियाविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही तीव्र अवस्थेत उष्णता टाळावी व थंड पट्ट्यांचा उपयोग होतो, असे सांगितले आहे. थंडाव्याने स्थानिक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वेदनावाहक नाड्यांचा वेग मंदावतो. यामुळे विषाणू नष्ट होत नाही, व्याधीचा काळही घटत नाही. शीतोपचार हा केवळ सहाय्यक उपक्रम आहे.

व्यवहारात आम्ही पुढील क्रम पाळतो. प्रत्येक सांधा हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावा. लाली, उष्णस्पर्श व दाह असेल तर बर्फाची पिशवी पातळ सुती कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे, दिवसातून २-३ वेळा ठेवावी. बर्फ उघड्या त्वचेवर लावू नये. सकाळी जखडणे, थंड हवेत वेदना वाढणे व शेकाने बरे वाटणे ही लक्षणे असतील तर शीतोपचार टाळून मृदू स्वेद द्यावा व नंतर सांध्यांची हलकी हालचाल करवावी. एकाच रुग्णाचा घोटा उष्ण व बोटे जखडलेली असू शकतात. तेव्हा दोन्ही ठिकाणी भिन्न उपचार करण्यात विसंगती नाही. शंका असल्यास एकाच सांध्यावर दोन दिवस प्रयोग करून उपशय-अनुपशय पाहावा. अवस्था पालटते, म्हणून दर आठवड्यास पुन्हा तपासावे.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणारे आणि रक्ताभिसरण मंद असलेले रुग्ण यांना बर्फ देऊ नये.

स्थानिक शीतोपचार आणि सर्वांग शीतस्नान या भिन्न गोष्टी आहेत. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या थकव्यावर बर्फाच्या पाण्यात बसण्याची टूम अलीकडे निघाली आहे. दाहज्वरात शीत उपचार सांगणाऱ्या चरकाचार्यांनीच ज्वरमुक्त रुग्णाने बळ येईपर्यंत स्नान, व्यायाम व फार चालणे वर्ज्य करावे, असेही बजावले आहे. अशा क्षीण रुग्णाला, विशेषतः हृद्रोग असल्यास, थंड पाण्यात बसविणे धोक्याचे आहे.

औषधालयचालकांनाही एक विनंती आहे. जेल पॅक किंवा तेल देण्यापूर्वी "सांधा गरम लागतो की जखडतो?" एवढे अवश्य विचारावे. लाल, तप्त सांध्यासाठी तेल चोळून शेकण्याचा सल्ला देऊ नये. आणि सूज सहा आठवड्यांनंतरही टिकली, तर रुग्णाला तपासणीसाठी पाठवावे, कारण संधिवाताचे अन्य प्रकार याच वेषात येतात. वेळीच विचारलेल्या एका प्रश्नाने एखाद्या मजुराचा हंगाम वाचू शकतो.